पुढे काय बदललं?

विमान अपघाताची बातमी आली की आमच्या घरात दोन वेगळे प्रश्न विचारले जायचे. आजी म्हणायची, ‘अहो, कोण कोण होतं त्यात?’ आणि अण्णा, म्हणजे माझे आजोबा, चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, ‘मशीन कुठलं? निघताना सही कुणाची होती?’ आमचं घर लखनौच्या सरोजिनी नगरमध्ये, कानपूर रोडपासून थोडं आत. अमौसी विमानतळ हाकेच्या अंतरावर. उतरणाऱ्या विमानाची चाकं गच्चीवरून दिसायची. अशा वस्तीत अपघात हा विषय नुसता वर्तमानपत्रातला राहत नाही.

अण्णा इंडियन नॅशनल एअरवेजमध्ये इंजिन मेकॅनिक होते. ही कंपनी ग्रँट गोवन यांनी १९३३ साली दिल्लीत काढली. नाव ‘नॅशनल’, मालकी खासगी. आदल्या वर्षी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. गोवनचं नाव आता कुणी घेत नाही. (आमच्याकडे घेतलं जायचं. पगार तिथून यायचा.) महायुद्ध पेटलं तशी टाटा आणि गोवन या दोन्ही कंपन्यांची विमानं सरकारी हुकमाखाली गेली, वेळापत्रकं बासनात गुंडाळली गेली, आणि विशीतल्या अण्णांची रवानगी कलकत्त्याला, डमडम विमानतळावर झाली.

तिथे त्यांना शेजार मिळाला चिनी कंपनीचा. चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन, म्हणजे चीन सरकार आणि अमेरिकेची पॅन अमेरिकन यांची भागीदारी. हाँगकाँग जपान्यांनी घेतल्यावर या कंपनीने दुरुस्तीचा बाडबिस्तरा डमडमला हलवला होता. १९४२ पासून तिची विमानं आसामातल्या दिनजानहून डोंगररांगा ओलांडून कुनमिंगला जात. त्या वाटेला वैमानिक ‘हंप’ म्हणत, उंटाचं मदार. अमेरिकी सैन्याची विमानंही त्याच वाटेने जायची. युद्ध संपेपर्यंत तिथे सहाशेच्या आसपास विमानं आणि सोळाशेहून जास्त माणसं गेली. त्यातली कितीतरी आजही सापडलेली नाहीत.

त्या कंपनीच्या मेकॅनिकांकडून ऐकलेल्या दोन गोष्टी अण्णा आम्हाला सांगत. पहिली ‘क्वेलिन’ नावाच्या विमानाची. २४ ऑगस्ट १९३८ ला ते हाँगकाँगहून निघालं आणि थोड्याच वेळात जपानी लढाऊ विमानांनी त्याला घेरलं. ह्यू वुड्स या वैमानिकाने ते नदीत उतरवलं, तरी गोळीबार थांबला नाही. चौदा जण मेले, वुड्ससह तिघे वाचले. शत्रूने प्रवासी विमान पाडल्याचा जगातला हा पहिला प्रसंग मानतात. पुढे ते विमान पाण्यातून काढून दुरुस्त केलं, नाव बदलून ‘चुंगकिंग’ ठेवलं आणि पुन्हा सेवेत आणलं. ऑक्टोबर १९४० मध्ये जपान्यांनी ते दुसऱ्यांदा गाठलं आणि कायमचं संपवलं. यावर आजीचा शेरा ठरलेला: ‘नाव बदलून पत्रिका बदलते होय?’ अण्णा चिडायचे. पत्रिकेचा काय संबंध? वाट तीच, वेळ तीच, आणि शत्रूला ती तोंडपाठ!

दुसरी गोष्ट अडीच नंबरच्या विमानाची. १९४१ साली चीनमध्ये जमिनीवर उभ्या असलेल्या एका डीसी-३ चा उजवा पंख बॉम्बने उडवला. तसला सुटा पंख कुठेच नव्हता. हाँगकाँगला होता तो जुन्या डीसी-२ चा, पाच फुटांनी आखूड. तो दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून शेकडो मैल नेला, जोडला, आणि एक पंख लांब, एक आखूड असं ते विमान उडवत परत आणलं. लोक त्याला गमतीने ‘डीसी-अडीच’ म्हणू लागले. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. अण्णा मात्र प्रत्येक वेळी शेवटी एकच पुस्ती जोडत: ‘हे युद्धात करायचं. शांततेत केलंत तर गुन्हा.’

माझ्या मते हिंदुस्थानातल्या त्या काळच्या अपघातांची सगळी कथा या एका वाक्यात येते. १९४५ ला युद्ध थांबलं, पण युद्धाच्या सवयी थांबल्या नाहीत. अमेरिकी सैन्याने मागे टाकलेली डाकोटा, म्हणजे डीसी-३ चीच लष्करी भावंडं, विमानं स्वस्तात मिळू लागली आणि जो तो विमान कंपनी काढू लागला. वैमानिक युद्धातून आलेले, मेकॅनिक युद्धातून आलेले, विमानंही युद्धातलीच. ‘चालवून घेऊ’ हा मंत्र. चालवून घेण्यात आपली माणसं काही कमी नव्हती. आमच्या घरापासून सरळ रस्ता गेला तर कानपूर. तिथे चकेरीला ब्रिटिशांनी जाताना आपली लिबरेटर बॉम्बफेकी विमानं मुद्दाम निकामी करून टाकून दिली होती. १९४८ मध्ये बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती उडण्यापुरती जुळवली आणि जमशेद मुन्शी या वैमानिकाने चाळीसेक विमानं एकामागून एक बंगळुरूला नेली. अण्णा या मुन्शींना मनापासून मानत, पण त्यांच्या धाडसाचा दाखला देऊन कुणी कामात ढिलाई केलेली त्यांना खपत नसे.

ढिलाई म्हणजे काय, ते त्यांनी मला एकदा आमच्या स्कूटरवर दाखवलं. बाबा स्कूटर्स इंडियात, म्हणजे सरोजिनी नगरच्याच कारखान्यात, कामाला. घरात अर्थातच विजय सुपर. अण्णांनी एका बोल्टच्या डोक्याला भोक पाडलं, त्यातून बारीक तार ओवली, पकडीने तिला सारखे पीळ दिले आणि दुसरं टोक शेजारच्या बोल्टला अशा बाजूने बांधलं की पहिला बोल्ट सैल पडू लागला तर दुसरा आवळला जावा. तिला लॉकवायर म्हणतात. डाकोटाच्या एकेका इंजिनात चौदा सिलिंडर, आणि थरथरीने सैल होऊ शकेल अशा प्रत्येक जागी असा पीळ. ‘पीळ उलटा दिला तर तार दिसायला तशीच दिसते,’ ते म्हणाले, ‘फक्त उपयोगाची नसते. म्हणून एकाने बांधायची आणि दुसऱ्याने हात लावून बघायची. मग सही.’ ती तार बघत मी बराच वेळ बसलो होतो.

१३ डिसेंबर १९५० ला एअर इंडियाचं डाकोटा निलगिरीत कोटागिरीजवळ डोंगरावर आदळलं. कुणीच वाचलं नाही. त्यात अब्राहम वाल्ड नावाचे संख्याशास्त्रज्ञ आणि त्यांच्या पत्नी होत्या. व्याख्यानांसाठी ते भारतात आले होते. वाल्ड कोण, ते मला कॉलेजात कळलं. युद्धात अमेरिकी सैन्याला प्रश्न पडला होता, बॉम्बफेकी विमानांना जादा पत्रा कुठे ठोकायचा? परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं जिथे जास्त दिसतात तिथे, असं कुणालाही वाटेल. वाल्ड यांनी हिशेब उलटा मांडला. ही तर परत आलेली विमानं. ज्यांना इंजिनात गोळी लागली ती आलीच नाहीत. तेव्हा भोकं दिसत नाहीत तिथे जपा. आणि असा माणूस इथल्या डोंगरावर गेला. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बरोबर आहे त्याचं. जी मशीनं रोज सुखरूप येतात ती बघून आपण ठीक चाललंय म्हणतो.’

आजीच्या आठवणी मात्र नागपूरच्या. तिचं माहेर धंतोलीत. ३० जानेवारी १९४९ ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमानं मध्यरात्री सोनेगावला यायची, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेपर्यंत ज्याने त्याने आपलं घर गाठायचं. कल्पना दळणवळण मंत्री रफी अहमद किडवईंची, आणि किडवई आमच्या शेजारच्या बाराबंकीचे. लखनौचे लोक त्याचा अभिमान बाळगतात, नागपूरचे चौकाच्या मध्यावर आपण बसल्याचा. आजीला त्या विमानांच्या घरघरीत झोप लागायची. आवाज आला नाही तर जाग यायची.

१२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे त्यातलं मद्रासला निघालेलं डाकोटा उडाल्याबरोबर कोसळलं. तेरा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. मृतांत कानपूरचे खासदार आणि ‘इंटक’ या कामगार संघटनेचे नेते हरिहरनाथ शास्त्री होते. त्यामुळे हा अपघात नागपूरला जितका आठवतो तितकाच कानपूर रोडवरही. आमचे शेजारी पंडितजी तेव्हा कानपूरच्या गिरणीत होते. ‘शास्त्रीजी वाला हादसा’ म्हणून ते हुंदका आवरत सांगायचे. अपघाताच्या चार महिने आधी, १ ऑगस्टला, आठ खासगी कंपन्या एकत्र करून सरकारने इंडियन एअरलाइन्स उभी केली होती. अण्णांची कंपनी त्यात विरली. वारशाला आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डाकोटा होती, बहुतेक युद्धात राबलेली. आठ घरची भांडी एका फडताळात यावीत तसा तो संसार. आठ तऱ्हेची लॉगबुकं, आठ तऱ्हेच्या सवयी. अण्णा म्हणत, राष्ट्रीयीकरणाचा खरा फायदा तिकिटाला झाला नाही, तपासणीच्या कागदाला झाला: एकच नमुना, सगळीकडे.

घातपात ही वेगळी जात. ११ एप्रिल १९५५ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ बांडुंग परिषदेला चिनी प्रतिनिधींना घेऊन हाँगकाँगहून निघालं, आणि विमानतळावरच लपवलेला बॉम्ब समुद्रावर फुटला. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी ऐनवेळी बेत बदलला म्हणून ते त्यात नव्हते. सोळा जण गेले. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी पेटलेलं विमान पाण्यापर्यंत आणलं म्हणून दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे वाचले. अनंत कर्णिक देखभाल अभियंता, म्हणजे अण्णांच्या पेशाचे. त्यांचं नाव निघालं की अण्णा उगाचच ताठ बसत. बॉम्ब ठेवला तो विमानतळावर सफाईचं काम करणाऱ्याने, असं तपासात निघालं. तेव्हापासून उभ्या विमानापाशी कोण येतं-जातं हाही तपासणीचा भाग झाला, आणि अण्णांना ओळखपत्राशिवाय स्वतःच्याच विमानाला हात लावता येईना. कुरकुरले, पण पटलं होतं.

निवृत्तीनंतर सरोजिनी नगरमध्ये त्यांनी एकच आघाडी चालवली, कचऱ्याची. विमान नियम १९३७, नियम ९१: विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायचा नाही, जनावर कापायचं नाही. कचऱ्यावर घारी येतात आणि घार इंजिनात जाते. मटणाच्या दुकानासमोर उभं राहून हा म्हातारा नियम ९१ समजावून सांगायचा आणि दुकानदार म्हणायचा, ‘दादाजी, जहाज ऊपर उड़ता है, हम तो नीचे बैठे हैं।’ लखनवी अदबीपुढे नियम हरायचा.

याच अमौसीहून २० डिसेंबर १९७८ ला दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान भोलानाथ आणि देवेंद्र पांडे या दोघांनी वाराणसीला पळवलं. मागणी इंदिरा गांधींच्या सुटकेची. हत्यारं म्हणजे खेळण्यातली पिस्तुलं आणि क्रिकेटचा चेंडू. पुढे दोघे आमदार झाले. अण्णांनी आयुष्यात ऐकलेला सर्वांत वाईट निष्कर्ष हाच, असं ते म्हणत: अपघातातून धडा घ्यायचा सोडून बक्षीस वाटलं.

अण्णा आता नाहीत. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, जमिनीवरचे धरून २६० जण गेले, विमानातला एकच प्रवासी वाचला. त्या संध्याकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सात कारणं आणि चार दोषी ठरले होते. ही घाई नवी नाही, फक्त तिला आता हातात पडदा मिळालाय. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४४ मध्ये, देशोदेशीचे लोक शिकागोत बसले आणि नागरी उड्डाणाचा करार झाला. त्याला जोडून १९५१ मध्ये अपघात तपासाचे नियम आले. त्यांत स्वच्छ लिहिलंय की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच आहे, दोष वाटणं हा नाही. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत, अंतिम शक्यतो वर्षात. भारतात हे काम २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण विभाग करतो आणि त्याचे अहवाल कुणालाही वाचता येतात, फुकट. वाचा. सुरुवात शेवटच्या पानांपासून करा, जिथे शिफारशी असतात, आणि वर्षाने विचारा की त्यांतल्या किती अमलात आल्या.