धुऊन वाळवलेली पिशवी

प्लास्टिकच्या पिशव्या पुन्हा कशा वापराव्यात, याच्या युक्त्या आज शिकवाव्या लागतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींत त्या कुणी शिकवल्या नव्हत्या. दुधाची पिशवी कोपऱ्यावर कापायची, रिकामी झाली की उलटी करून धुवायची, तारेवर चिमट्याने अडकवायची आणि गठ्ठा जमला की भंगारवाल्याला किलोवर घालायची. उरलेल्यांची बस्करं, तोरणं होत. याचं श्रेय आपण मध्यमवर्गीय काटकसरीला देतो. काटकसर होतीच, पण ही रीत टिकली ती पिशवीच्या जाडीमुळे आणि ती घ्यायला दारावर कुणीतरी येत होतं म्हणून.

हे प्लास्टिक परकं नव्हतं. 1968 साली ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिल या कंपनीचा, प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारा नाफ्था क्रॅकर सुरू झाला आणि शेजारच्या पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजमध्ये पॉलिथिन तयार होऊ लागलं. पुढे भाजीबरोबर फुकट मिळणारी पातळ पिशवी आली आणि हिशेबच बदलला. तिचा किलो भरायला ढीगभर पिशव्या लागतात, त्याही मासळीच्या पाण्याने ओल्या. भंगारवाला तिला हात लावत नाही. मग कायदा जाडीच्या मागे धावत राहिला. केंद्राने 1999 साली किमान 20 मायक्रॉनची अट घातली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, उल्हास नदीचं पाणी कल्याणात शिरलं, नाले तुंबण्याचा दोष पिशव्यांवर आला आणि 2006 मध्ये राज्याने ही मर्यादा 50 मायक्रॉनवर नेली. आता ती देशभर 120 आहे.

लोकांच्या हाती पैसा आला म्हणून ते फेकू लागले, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. एकाच घरात, एकाच सकाळी दुधाची पिशवी तारेवर जाते आणि भाजीची कचऱ्यात. माणसं तीच असतात. 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीने दुधाच्या जाड पिशवीला सूट दिली आणि तिच्यावर किमान 50 पैसे परतावा छापायला सांगितलं, म्हणजे भंगारवाल्याचाच व्यवहार नियमात आणला. हस्तकलेने प्रश्न सुटेल, ही आशाही तोकडी आहे: बस्कर वर्षानुवर्षं टिकतं, दूध रोज येतं. आणि पातळ पिशवीचा सर्वांत रुळलेला पुनर्वापर, ओला कचरा बांधून टाकणं, हा तर घातकच ठरला. गाठ मारलेला तो कचरा ना कुजला, ना वेगळा झाला. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीवरचा कचऱ्याचा डोंगर त्यानेही वाढला. 2015 साली उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना मनाई केली, ती कचऱ्याच्या याच प्रश्नावरून.

मग डोंबिवलीत ऊर्जा फाउंडेशन या संस्थेला लोक धुतलेलं प्लास्टिक एक पैसाही न घेता देतात, त्याचं काय? इथे भाव नाही, पण घेणारा आहे: ते पुण्याला जातं आणि त्यापासून इंधन तयार होतं. पातळ पिशवीसुद्धा त्यात चालते, फक्त ती धुऊन वाळवलेली हवी.