फेअरबर्नची बिऱ्हाडं

गाय जिना चढून जाते. उतरायची वेळ आली की पाय रोवून उभी राहते. १८५१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हर्नेसच्या पलीकडे, फेअरबर्न नावाच्या ओसाड टॉवरमध्ये हेच घडलं, असं सांगतात. तिथं शेतकऱ्यानं गवत भरून ठेवलं होतं. वर नेताना सांडलेल्या काड्या टिपत एक गाभण गाय गोल जिन्यानं थेट शेवटच्या खोलीत पोचली. तिला खाली आणणं कुणाला जमेना, म्हणून वरच ठेवली, आणि ती तिथंच व्याली. बघायला माणसं लोटली. कारण ब्राहनचा द्रष्टा म्हणून त्या मुलखात ज्याचं नाव घेतात, त्यानं म्हणे फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं: फेअरबर्नच्या मॅकेन्झींची जमीन जाईल आणि त्यांच्या टॉवरच्या सगळ्यात वरच्या खोलीत गाय विईल. त्याची भाकितं पुस्तकरूपानं छापली गेली ती १८७७ मध्ये, म्हणजे गाय खाली उतरून पंचवीसेक वर्षं झाल्यावर. आधी भाकीत की आधी गाय, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

या टॉवरचं पहिलं बिऱ्हाड मर्डो मॅकेन्झीचं. तो स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याच्या खासगीतला माणूस. राजानं जमीन दिली आणि १५४० च्या दशकात मर्डोनं हे घर उभं केलं. घरच म्हणायचं, कारण 'टॉवर हाउस' म्हणजे आपल्या तटबंदीतला बुरूज नव्हे. तो उभा रचलेला वाडा. आपल्या वाड्यात चौकामागे चौक लागतो. इथं खोलीच्या डोक्यावर खोली. तळाला कमानीच्या छताची कोठी, तिच्या भिंतींत बंदुकीच्या जंग्या; वर बैठकीचा दिवाणखाना, त्याच्यावर निजायच्या खोल्या, शेवटी पोटमाळा. दाराची गंमत अशी की ते जमिनीवर नव्हतंच. पहिल्या मजल्यावर दार, आणि तिथवर जायला लाकडी शिडी. संकट आलं की वर ओढून घ्यायची. लुटारूंपासून एवढा बंदोबस्त पुरे, तोफांपुढे तो टिकला नसता. पण उत्तरेत भांडणं बहुधा शेजाऱ्याशी आणि गुरांवरून. त्यासाठी तोफ कोण आणतो?

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मॅकेन्झींना शिडीचा कंटाळा आला असावा. दिवस जरा निवले होते, घरात बायकामुलं, ऊठबस वाढलेली. त्यांनी बाहेरून जिन्याचा एक उंच मनोरा जोडला, जमिनीवर दार आलं. गाय वर गेली ती याच जिन्यानं. शिडीच राहिली असती, तर द्रष्ट्याची पंचाईत होती.

पुढची हकिगत थोडक्यात. मॅकेन्झी गेले, गवत आलं, गाय आली, मग छपरानं दगा दिला. दगडी घराचं आयुष्य छपरात असतं. छप्पर गेलं की भिंतींच्या माथ्यावरून पाणी आत शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दगडांना एकमेकांपासून सोडवतं. फेअरबर्नचे मजले कोसळले, भिंतीच्या डोक्यावर झाडोरा रुजला आणि एका अंगाला मोठी भेग पडली. टॉवर आतून रिकामा, नुसता डबा.

या टॉवरचं शेवटचं बिऱ्हाड आणलं लँडमार्क ट्रस्टनं. सर जॉन स्मिथ आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टियन यांनी १९६५ मध्ये ही संस्था काढली. धंद्यानं बँकर, काही वर्षं खासदार असलेल्या स्मिथना दिसत होतं की मोठ्या राजवाड्यांना वाली मिळतो. पण जकातनाकं, कालव्यावरच्या चौक्या, उद्यानातले मंडप, असले टॉवर गुपचूप पाडले जातात. तिकीट लावून संग्रहालय करावं, तर पाहायला कोण येणार? त्यावर त्यांचा तोडगा साधा होता. वास्तू नीट करायची आणि सुटीसाठी भाड्यानं द्यायची; भाड्यातूनच तिची डागडुजी. आज अशी दोनशेच्या आसपास ठिकाणं संस्थेकडे आहेत. स्कॉटलंडमध्येच किंटायरच्या किनाऱ्यावरचं सॅडेल कॅसल हे असंच एक टॉवर हाउस. घरात टीव्ही ठेवायचा नाही, मात्र पुस्तकं ठेवायची आणि पाहुण्यांसाठी एक नोंदवही, हा त्यांचा शिरस्ता.

फेअरबर्नमध्ये भेग शिवून घेतली, मजले नव्यानं घातले, छप्पर चढवलं. बाहेरून 'हार्लिंग' केलं. चुन्यात बारीक खडी कालवून तो लगदा करणीनं भिंतीवर फटकारायचा, वरून चुन्याचाच हात. स्कॉटलंडच्या पावसात उघडा दगड ही मुळात आपल्या काळाची आवड. जुने गवंडी भिंतीला अंगरखा घालूनच सोडत. आणि तो चुन्याचाच हवा, कारण भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातून बाहेर निघून जातं, सिमेंटमागे मात्र ते कोंडून राहतं. आपल्याकडे जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा फासून पोपडे धरलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आत एका लाकडी छतावर नवी रंगचित्रं काढली आहेत, सोळाव्या शतकातल्या स्कॉटिश छतांच्या धर्तीवर. तशी जुनी छतं क्रॅथिस कॅसलमध्ये अजून पाहायला मिळतात. मला हे आधी खटकलं. इथं जे होतं की नव्हतं याचा पुरावा उरलेला नाही, ते रंगवायचं कशाला? पण मग वाटलं, मर्डोनंही कारागीर बोलावून आपल्या काळाचंच काहीतरी काढून घेतलं असतं. पांढरी फटफटीत पाटी डोक्यावर ठेवून तो झोपला नसता.

२०२२ पासून इथं चार माणसं मुक्कामाला राहू शकतात. भाडं भरा, किल्ली घ्या. वर जायची वाट तीच, जिन्याच्या मनोऱ्यातून, गोल गोल. मोठी बॅग आणू नये. वळणावर अडकते आणि मग ना वर जाते, ना खाली येते.