दहावीनंतर मूल गप्प झाले तर

उर्दू माध्यमातून दहावी झालेली मुले अकरावी सायन्सला जातात, तेव्हा फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स सगळे एकदम इंग्रजीत येते. शाळेत पहिला येणारा मुलगा कॉलेजात मागच्या बाकावर गप्प बसतो. घरचे म्हणतात, "मोबाइलमुळे बिघडला," नाहीतर "नजर लागली." आम्ही शिक्षक हे दरवर्षी पाहतो.

कशाकडे लक्ष द्यावे?
झोप उडणे किंवा दिवसभर झोपून राहणे, जेवण तुटणे, कॉलेजला दांडी, सारखी डोकेदुखी, दोस्तांशी बोलणे बंद. हे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर त्याला आळस समजू नका.

घरात काय करावे?
चुलत-मामे भावंडांशी तुलना नको. अम्मी-अब्बांनी आधी ऐकून घ्यावे, नसीहत नंतर. "मरून जावंसं वाटतं" असे मूल म्हणाले तर ओरडू नका, एकटे सोडू नका. मनात काय आहे ते सरळ विचारा. विचारल्याने तो खयाल वाढत नाही, उलट मन हलके होते.

मदत कुठे मिळते?
टेलि-मानस, १४४१६ : केंद्र सरकारची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, २४ तास, मराठीतही.
चाइल्डलाइन, १०९८ : १८ वर्षांखालील मुलांसाठी.
जीवाला धोका वाटल्यास ११२, किंवा थेट जवळचे सरकारी रुग्णालय.

दुआ जरूर करा, दवाही करा. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातोच; तिथे तवक्कुल कमी होत नाही, मग इथे कसा होईल?