दुभाष्यावाचून : मराठी माणूस आणि फ्रेंच भाषा

बदलीच्या नोकरीत मराठी कुटुंबास जे प्रश्न पुन:पुन्हा सोडवावे लागतात, त्यांत मुलांच्या भाषेचा प्रश्न सर्वांत नाजूक होय. घर मिळते, शिधापत्रिका मिळते, शेजारही यथाकाल जुळतो. पण शाळेच्या अर्जातील 'तिसरी भाषा कोणती?' हा रकाना भरताना आईबापांची लेखणी अडते. आम्ही ज्या उरल्यास केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करतो, ती रायपूरची औद्योगिक वसाहत आहे. लोखंडाच्या भट्ट्या आणि मालमोटारी यांच्या गजबजाटात कानांवर हिंदी पडते, छत्तीसगढी पडते, ओडिया व भोजपुरीही पडते; मराठी मात्र सायंकाळी घरी परतल्यावर. शहरातील काही शाळांत आता संस्कृतच्या जोडीस फ्रेंचचा पर्याय असतो, मराठीचा नसतो. तेव्हा कोणी म्हणतो, फ्रेंच घ्यावी, गुण चांगले मिळतात, पुढे परदेशची वाट सोपी होते. दुसरा म्हणतो, ज्या मुलास धड मराठी वाचता येत नाही त्यास फ्रेंच कशाला ? दोघेही आजच्या सोयीकडे पाहून बोलतात. वस्तुत: मराठी माणूस आणि फ्रेंच भाषा यांच्या संबंधास साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि या रकान्याचे उत्तर त्या इतिहासात शोधता येण्यासारखे आहे.

प्रारंभ आमच्या या छत्तीसगढापासूनच करता येतो. इ. स. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम यांनी रतनपूर घेतले आणि हैहयवंशी राजांचा हा प्राचीन मुलूख मराठ्यांच्या सत्तेखाली आला. त्याच वर्षी स्वत: रघूजी दूर दक्षिणेत होते. त्यांनी त्रिचनापल्ली जिंकली, चंदासाहेबास कैद केले आणि त्याच्या कुटुंबास आसरा देणाऱ्या पाँडिचेरीच्या फ्रेंचांकडे खंडणीची व त्या कुटुंबाची मागणी केली. गव्हर्नर द्यूमा याने दोन्ही मागण्या नाकारल्या, आणि फ्रेंच इतिहासकारांनी हा प्रसंग मोठ्या अभिमानाने रंगविला. म्हणजे ज्या घराण्यामुळे मराठी भाषा रायपूर-रतनपूरच्या दप्तरात आली, तेच घराणे त्याच सुमारास फ्रेंचांशी समोरासमोर उभे होते.

या व्यवहारांत बोलणी होत ती दुभाष्यांच्या मुखाने. पाँडिचेरीस 'दुबाश' हा अधिकाराचा हुद्दाच होता. त्या हुद्द्यावरील आनंद रंग पिळ्ळै यांची तामिळ रोजनिशी १७३६ ते १७६१ या काळाचे बहुमोल साधन मानली जाते. दरबारात कोण काय बोलला हे ठरविण्याची सत्ता अशा माणसाच्या जिभेवर असे.

आता मराठ्यांच्या बाजूकडे पाहावे. आमच्या आडनावांत फडणीस आहेत, चिटणीस आहेत, पोतनीस आहेत. फारसी कागद लिहिणारे-वाचणारे ते पारसनीस. दुभाषी हेही आडनाव आहे. मोगलांशी गाठ होती म्हणून फारसी शिकण्याची सोय राज्यानेच केली, आणि तो हुद्दा घराण्याचे नाव होऊन बसला. 'फ्रेंचनीस' असे आडनाव मात्र आढळत नाही. फ्रेंचांकडून आम्ही घेतले ते लष्कर. बुसीच्या कवायती पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने प्राणपणाने लढला. 'गारदी' या शब्दाचे नाते फ्रेंच 'गार्द' म्हणजे पहारा या शब्दाशी जोडतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनाने तो शब्द मराठी घराघरात कायमचा काळा झाला. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ साली सॅव्हॉयच्या द बॉयन्य यास नोकरीस ठेवून कवायती कंपू उभारले. त्याच्यानंतर पेराँ आला, आणि १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच तो इंग्रजांच्या आश्रयास गेला.

पुणे दरबाराची कथा याहून बोधप्रद आहे. १७७७ साली शव्हालिये द सँ ल्यूबँ हा गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यास आला. नाना फडणिसांनी त्याचा मोठा सत्कार केला आणि तेवढ्याने इंग्रजांच्या पोटात गोळा उठला. नानांचा डाव इंग्रजांस धाक घालण्यापुरता चातुर्याचा होता यात शंका नाही. परंतु या वकिलाच्या वचनांमागे बळ नव्हते. फ्रान्सचे सैन्य आले नाही, आणि १७७८ साली तो पुणे सोडून गेला. ज्याच्या देशाची भाषा, पत्रे व पुस्तके आपल्या माणसांस वाचता येत नाहीत, त्याच्या शब्दाचे वजन करावयास आपल्याजवळ तराजू नसतो, एवढे या प्रसंगावरून खास म्हणता येते.

राज्य गेले, त्याबरोबर ही उणीवही इतिहासजमा झाली असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. राज्याचा इतिहास लिहू लागल्यावर ती पुन्हा जाणवू लागली. शिवछत्रपतींच्या हयातीत त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या परकीयांत फ्रेंचांचे स्थान मोठे आहे. तेव्हनो हा प्रवासी सुरतेच्या लुटीची हकीगत देतो. आबे कारे हा धर्मोपदेशक महाराजांच्या मुलखातून गेला आणि १६९९ साली पॅरिसमध्ये छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने शिवाजीचा वृत्तांत दिला. पाँडिचेरीचा फ्रांस्वा मार्तँ याच्या आठवणी तर दक्षिण-दिग्विजयाच्या अभ्यासकास टाळताच येत नाहीत. १६७७ साली मार्तँचा माणूस जेर्मँ महाराजांच्या छावणीत जाऊन आला. त्याने पाहिले ते असे : छावणीत डामडौल नाही, बायका नाहीत, अवजड सामान नाही, तंबू दोनच, जाड्याभरड्या कापडाचे, एक महाराजांचा व एक प्रधानाचा.

आता सभासदाची बखर आठवावी. १६९७ साली जिंजीस लिहिलेल्या त्या बखरीत लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी असा महाराजांचा कडक दंडक सांगितला आहे. बखर ही सेवकाने लिहिलेली. तेवढ्या आधारावर शंकेखोर म्हणेल की, धन्याची स्तुती आहे. पण ज्यास महाराजांची स्तुती करण्याचे काही कारण नव्हते असा एक फ्रेंच मनुष्य, सभासदाच्या वीस वर्षे आधी, तेच डोळ्यांनी पाहून सांगतो, तेव्हा बखरीतील वाक्यास साक्षीदार मिळतो. हा साक्षीदार फ्रेंच भाषेत बोलत होता. त्याची भाषा जाणणारा मराठी वाचक मात्र फार दिवस नव्हता. आबे कारेचा वृत्तांत इंग्रजीत आणून अभ्यासकांपुढे ठेवला तो सुरेंद्रनाथ सेन या बंगाली पंडिताने. त्यांचे ऋण मानूनही आमच्या मनास ही गोष्ट लागते. पुढे डॉ. वि. गो. हातळकर यांनी मूळ फ्रेंच कागदांचा अभ्यास करून फ्रेंच-मराठे संबंधांवरील आपला इंग्रजी प्रबंध १९५८ साली मुंबई विद्यापीठाकडून प्रसिद्ध केला, आणि मराठ्यांच्या इतिहासाविषयीचे फ्रेंच कागद त्यांच्या संपादनाखाली १९७८ पासून महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापले. सँ ल्यूबँ पुण्यास आला त्यास तोवर दोनशे वर्षे होऊन गेली होती.

इतिहासाप्रमाणे वाङ्मयातही आम्ही दीर्घकाळ दुभाष्यावरच विसंबलो. तेथे दुभाषी होता इंग्रजी. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संशयकल्लोळ' मराठी रसिकास किती आपले वाटते ! फाल्गुनराव व कृत्तिका हे जणू आपल्याच आळीतील जोडपे. परंतु त्या नाटकाचे बीज मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनात आहे. ते आर्थर मर्फी या इंग्रज नाटककाराच्या हातून देवलांकडे आले आणि १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' होऊन मराठीत अवतरले. देवलांच्या प्रतिभेने त्याचे सोने केले हे खरे. तथापि पॅरिसहून निघालेला माल लंडनच्या जकातनाक्यावरूनच पुण्यास येई, हा त्या काळाचा रिवाजच होता.

हा रिवाज मोडणारी एक घटना मराठीच्या इतिहासात घडली आहे, आणि ती जितकी परिचित असावी तितकी नाही. ज्यूल ब्लॉक (१८८०-१९५३) या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मराठी भाषेच्या घडणीवर प्रबंध लिहिला. तो १९१४ च्या सुमारास तयार झाला होता, मध्ये महायुद्ध आले, आणि ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत व प्राकृतापासून मराठीचे ध्वनी, विभक्ती आणि क्रियापदे कशी उतरली याचा शास्त्रशुद्ध माग त्यात काढलेला असून, शेवटी मराठी शब्दांची व्युत्पत्तिसूची आहे. आधुनिक भारतीय भाषांच्या ऐतिहासिक अभ्यासास या ग्रंथाने घाट घालून दिला. सुनीतिकुमार चतर्जींचा बंगालीवरील प्रसिद्ध ग्रंथ १९२६ चा. तो याच वाटेने गेलेला आहे. म्हणजे आमच्या मातृभाषेचे जन्मटिपण फ्रेंच भाषेत लिहिले गेले !

हे टिपण मराठीत कोणी आणले ? वासुदेव गोपाळ परांजपे यांनी. त्यांनी ब्लॉक यांचा ग्रंथ मूळ फ्रेंचवरून मराठीत उतरवला आणि 'मराठी भाषेचा विकास' या नावाने तो १९४१ साली प्रसिद्ध झाला. त्याच ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघावयास १९७० साल उजाडले. म्हणजे निदान या एका बाबतीत मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या एकोणतीस वर्षे पुढे होता. एका माणसाने एक जादा भाषा मन लावून शिकल्याचे हे फळ. डॉ. ना. गो. कालेलकर यांनीही पॅरिसमध्ये भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि ते ज्ञान सोप्या मराठीत आणले; त्यांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल' या पुस्तकास १९६७ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

देणे एकाच दिशेने चालले असे नव्हे. गी दल्युरी यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले व ते १९५६ साली पॅरिसमध्ये छापले गेले. शार्लोत व्होदव्हिल यांनी ज्ञानदेवांच्या हरिपाठावर १९६९ साली फ्रेंच ग्रंथ सिद्ध केला. पुण्यास राहिलेल्या गी प्वातव्हँ यांनी हेमा राईरकर यांच्यासह खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या हजारोंनी गोळा केल्या. या सर्वांस मराठी ही जन्माने मिळालेली नव्हती. त्यांनी ती शिकून घेतली. आमच्या मुलांपैकी किती जणांस तुकोबांची गाथा अडखळल्यावाचून वाचता येते, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

येथे रायपूरच्याच एका पुरुषाचे स्मरण करणे प्राप्त आहे. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) मातृभाषेने मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि हिंदी गद्याच्या शिल्पकारांत मानाचे स्थान मिळविले. परंतु हिंदी पत्करताना त्यांनी मराठी टाकली नाही. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. परांजपे फ्रेंचमधून घरी काही घेऊन आले, सप्रे घरातून हिंदीत काही घेऊन गेले. दोघांच्याही एका हातात मराठी होती. ज्याच्या हाती स्वत:ची भाषाच नाही, त्याच्याजवळ न्यावयास काही नसते आणि आणून ठेवावयास घरही नसते.

शिवाय, फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलाची शिदोरी इंग्रजीपेक्षा मराठीतच अधिक आहे. निर्जीव वस्तूसही लिंग असते हे ऐकून इंग्रज मूल गांगरते. तो वाडा, ती खोली, ते घर असे बोलणाऱ्या मुलास फ्रेंचमधील दोन लिंगे म्हणजे एक कमीच ! तू आणि तुम्ही हा भेद इंग्रजीने गमावला. फ्रेंचने तो आमच्याप्रमाणेच राखला आहे. फ्रेंचमध्ये ऐंशीस 'चार विसा' म्हणतात याचे शहरी मुलास हसू येते; पण आमच्या खेड्यांतील आजीबाई विसांनीच मोजीत असत. नाकातील स्वरांचा उच्चार कोकणातील माणसास शिकवावा लागणार नाही. हे सर्व घरात असता शाळेतील मूल इंग्रजीच्या आडवाटेने फ्रेंचकडे जाते, म्हणजे पुन्हा तो लंडनचा जकातनाका !

तेव्हा अर्जातील रकान्याचे उत्तर आमच्यापुरते असे निघते. फ्रेंच अवश्य लिहावी; मात्र गुणांसाठी दोन वर्षे घोकून विसरण्यासाठी नव्हे, तर एक दिवस मार्तँच्या आठवणी वा ब्लॉकचा ग्रंथ मुळातून उघडता यावा म्हणून. आणि ज्या दिवशी फ्रेंचचा पहिला धडा सुरू होईल, त्याच दिवशी घरी मराठीचाही रोजचा धडा सुरू व्हावा. अर्धा तास पुरे. पण तो बदलीच्या प्रत्येक गावी चुकू नये. शाळा मराठी देत नसेल तर त्याचा दोष शाळेस देऊन आईबापांची सुटका होत नाही. पॅरिसच्या एका विद्वानास जी भाषा शिकून घेता आली, ती रायपूरच्या मराठी घरात शिकवता येत नाही असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे ?