तांगीवाईचा पूल आणि पानशेतचे पाणी

पुण्याच्या कसबा पेठेतला एखादा विद्यार्थी तांगीवाईच्या रेल्वे अपघाताची हकीकत वाचू लागला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्या रात्री ज्वालामुखी फुटला होता का? चौकशी मंडळापुढे आलेल्या पुराव्यांचे उत्तर स्पष्ट आहे. नव्हता. न्यूझीलंडचा रुआपेहू पर्वत २४ डिसेंबर १९५३ रोजी शांतच होता.

कारण आठ वर्षे आधीचे होते. १९४५च्या उद्रेकाने विवरातले सरोवर रिकामे केले आणि त्याच्या तोंडाशी राखेचा व खडकांचा बांध रचला. त्यामागे पुन्हा पाणी साठत गेले. त्या रात्री आठच्या सुमारास हा बांध ढासळला. पाणी, बर्फ, राख आणि दगड यांचा लोंढा व्हांगाएहू नदीच्या पात्रातून उतरला आणि त्याने तांगीवाईच्या रेल्वे पुलाचे खांब उखडले.

१० वाजून २१ मिनिटांनी वेलिंग्टनहून ऑकलंडला जाणारी एक्सप्रेस तिथे पोचली. नाताळसाठी घरी निघालेल्यांनी ती भरलेली होती. इंजिनासह पहिले पाच डबे नदीत कोसळले. सहावा काठावर अडकला आणि थोड्या वेळाने तोही गेला. गाडीत २८५ माणसे होती, त्यांतली १५१ मरण पावली. पुढचे पाचही डबे दुसऱ्या वर्गाचे होते. त्यांतल्या १७६ प्रवाशांपैकी २८ वाचले. पहिल्या वर्गातला एकच प्रवासी दगावला. तिकिटाच्या वर्गाने मरणाची वाटणी कशी केली, हे या आकड्यांत उघड दिसते.

मागचे डबे मात्र योगायोगाने वाचले नाहीत. टपाल खात्यातले कारकून सिरिल एलिस नदीला आलेला पूर पाहून टॉर्च हलवत रुळांलगत गाडीच्या दिशेने धावले होते. रुळांवर वाळू सांडलेली आढळली. चाके घसरू नयेत म्हणून ब्रेक लावताना इंजिनातून वाळू सोडतात. म्हणजे चालक चार्ल्स पार्कर यांनी पुलाआधी गाडी थांबवण्याचा निकराचा प्रयत्न केला होता. ते आणि फायरमन लान्स रेडमन, दोघेही गेले. त्यांची बाजू मांडायला वाळू उरली. एलिस आणि गार्ड विल्यम इंग्लिस यांनी सहाव्या डब्यात शिरून लोकांना बाहेर काढले.

चौकशीत कोणावरही दोष आला नाही. पण १९२५ मध्येही पर्वतावरून आलेल्या अशाच लोंढ्याने या पुलाला इजा केली होती. धोका नोंदीत होता, पण सरोवरावर नजर ठेवून रेल्वेला कळवणारे कोणी नव्हते.

कसबा पेठेला ही गोष्ट परकी नाही. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचे, बांधकाम पुरे न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि मुठेकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसले. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचून धरण वाचवण्यासाठी झटत होते. म्हणजे संकट समोर दिसत होते. तरीही धोक्याची सूचना सगळ्या घरांपर्यंत वेळेत पोचली नाही. एक बांध निसर्गाने रचलेला, दुसरा माणसाने. म्हणून दोन्हींची जबाबदारी सारखी नाही, आणि पानशेतला न्यायमूर्ती नाईक आयोगाच्या चौकशीला सामोरे जावे लागले. पण दोन्हीकडे पाणी अडल्याची खबर आणि खाली राहणारा माणूस यांच्यामधली वाट तुटलेली होती.

ती वाट जोडता येते. १९९५-९६च्या उद्रेकांनंतर रुआपेहूवर पुन्हा तसाच बांध तयार झाला. या वेळी डोंगरावर संवेदक बसवले, सूचना कोणाला, कशी जाईल हे आधीच ठरवले. १८ मार्च २००७ रोजी बांध फुटला. लोंढा त्याच नदीतून तांगीवाईला पोचला, पण रस्ता आणि रेल्वे तोवर बंद झालेले होते. एकही जीव गेला नाही. ५३ वर्षांत पर्वत बदलला नव्हता. बदलली होती ती जुन्या अहवालाकडे पाहण्याची रीत. विद्यार्थ्याने इतिहास वाचायचा तो यासाठी.