अमात्य अयमाची एक ओळ

अनुभवी माणसाने आपल्या कामाची ओळख किती शब्दांत करून द्यावी, या प्रश्नाची दोन उत्तरे जुन्नरच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपासून कोरलेली आहेत. लांबलचक उत्तर नाणेघाटात आहे. कोकणातून वर येणारी वाट घाटमाथ्याला लागते तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख भिंती भरून वाहतो: अश्वमेध, राजसूय आणि इतर कितीतरी यज्ञ, त्यांत दान दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापण नाणी, वर राणीचे उपवास आणि व्रते. आखूड उत्तर मानमोडी डोंगरात आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याने पाण्याची पोढी (टाके) आणि मंडप दिला, वर्ष ४६. नाव, हुद्दा, धनी, काम, साल, आणि लेख संपला. बायोडेटा म्हणून पाहिले तर अयमाचा लेख सरस आहे, असे माझे मत आहे.

अयम एकटा नाही. जुन्नरची रीतच ही दिसते. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा सुलसदत स्वतःला कल्याणचा, हेरणिकाचा मुलगा म्हणवतो आणि थांबतो. इरिल नावाचा यवन दोन पोढ्या दिल्याचे सांगतो, चिट नावाचा यवन संघासाठी भोजनमंडप. अदुथुम हा शक उपासक तर शेतीच्या हिशेबासारखे लिहितो: करंजाच्या झाडांसाठी एका गावी २० निवर्तने जमीन, वडांसाठी दुसऱ्या गावी ९. यांपैकी कोणीही स्वतःला उदार, धर्मशील किंवा थोर म्हणत नाही. तरीही जुन्नरला परदेशी माणसे वसली होती, कल्याणशी येणेजाणे होते, वेळूकार आणि कासार यांच्या श्रेणी (व्यावसायिकांचे संघ) ठेवी सांभाळत होत्या, हे आज आपल्याला कळते ते अशाच कोरड्या ओळींमुळे.

यावर कोणी म्हणेल, दगड कोरणे खर्चाचे काम, म्हणून लेख आखूड. पण चैत्यगृहाचा खर्च उचलणाऱ्याला आणखी दोन ओळी जड नव्हत्या, आणि महाक्षत्रपाच्या अमात्याला तर नव्हत्याच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे लोक पुण्य मागत होते, नोकरी नव्हे. मान्य. मात्र काम कोणाचे हे पुढे येणाऱ्या अनोळखी माणसाला समजावे, ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे. शिवाय श्रेणीकडे लोक पैसे ठेवत, म्हणजे तिचा धंदा विश्वासावरच चाले; आणि लेखात तिच्या नावापुढे विशेषण नसते, ठेवीचा तपशील असतो.

नागनिकेवर मात्र अन्याय नको. तिचा लेख टिकाऊ ठरला तो लांबीमुळे नव्हे, आकड्यांमुळे. एका दक्षिणेत २४,४०० कार्षापणे, असा हिशेब तिथे अंकचिन्हांत दिलेला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी ही चिन्हे अभ्यासली आणि भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाला कायमची जागा मिळाली. त्याच लेण्यातल्या मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वरची नावे उरली. त्यांतला एक कुमार भायल. त्याची पदवी आहे, घराणे आहे, काम कुठेच लिहिलेले नाही, म्हणून इतिहासात त्याच्याबद्दल बोलण्यासारखे काही नाही. नुसत्या हुद्द्याची किंमत तेवढीच.

आज मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगावची पंधरा-वीस वर्षे काम केलेली माणसे चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत अर्ज करतात, तेव्हा पहिल्याच ओळीत ‘प्रामाणिक, मेहनती, जबाबदार’ असे लिहितात. नवख्याचे समजू शकते. त्याच्याकडे सांगायला दुसरे काही नसते. अनुभवी माणसाकडे असते आणि तेच तो गाळतो. सगळ्याच नोकऱ्या लिहायच्या नाहीत. ज्या कामासाठी अर्ज आहे, त्याला लागू पडेल तेवढे पुरे. तेव्हा अर्जदार मित्रांनो, ती विशेषणांची ओळ खोडा आणि त्या जागी लिहा: कोणते मशीन चालवले, किती माणसांची पाळी सांभाळली, कोणाकडे आणि कोणत्या साली.