पाच शब्द आणि एक भेंडी

पुतणीने परवा एक यंत्र मागवलं. छोटंसं, पापडाच्या प्रेससारखं दिसणारं, कडेला हँडल असलेलं. दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांमध्ये कागद आणि डाय ठेवायची, हँडल फिरवायचं, की पलीकडून कागदाचं फुलपाखरू कापून बाहेर येतं. तिला मैत्रिणीसाठी दिवाळीचं कार्ड करायचं होतं. एका तासात टेबलावर पंधरा-वीस फुलपाखरं, एक कंदील आणि भरपूर कचरा जमा झाला. मग ती थांबली आणि मला विचारलं, "काका, आत लिहू काय?"

आता मला भेटकार्डांबद्दल काही विचारणं म्हणजे संकट ओढवून घेणं. घरातल्यांना हे माहीत आहे. मी तिला म्हटलं, "पाच शब्दांत लिही." तिला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणून हे सगळं लिहायला बसलो आहे. नातेवाइकांपैकी जे वाचतील त्यांना यातलं थोडं ठाऊक असेल, बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

सुरुवात लांबून करतो. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांसमोर नाताळच्या पत्रांचा ढीग पडला होता. इंग्लंडात १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं, आणि ते सुरू करण्याच्या खटपटीत हे कोलसाहेब स्वतः होते. टपाल स्वस्त झालं तशी पत्रं वाढली. उत्तर न देणं असभ्यपणाचं, आणि देत बसायला वेळ नाही. कोलसाहेबांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या सुमारे हजार प्रती शिळाछापावर काढल्या, उरलेल्या शिलिंगाला एक अशा विकल्या. हे जगातलं पहिलं नाताळचं छापील भेटकार्ड मानतात. म्हणजे भेटकार्डाचा जन्मच मुळी पत्र लिहायचा कंटाळा आला म्हणून झालेला आहे! (चित्रातल्या कुटुंबात एक लहान मूलही वाइन पिताना दाखवलंय, त्यावरून दारूबंदीवाले खवळले होते, ती गोष्ट वेगळी.)

मला यातली आवडणारी गोष्ट दुसरीच आहे. त्या हजार कार्डांची फक्त रेषा छापलेली होती. रंग हाताने भरले होते, एकेका कार्डात. वेळ वाचवायला काढलेल्या वस्तूत सुद्धा कुणीतरी ब्रश घेऊन बसलंच होतं.

आपल्याकडे टपालाची तिकिटं १८५४ साली देशभर लागू झाली, अर्ध्या आण्यात पत्र जायला लागलं. १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. आपल्या माणसांनी पोस्टकार्डावर जेवढं प्रेम केलं तेवढं क्वचितच कशावर केलं असेल. मजकूर भरून उरला की समासात, समास भरला की पत्त्याच्या कडेने उभा. तिथे चित्राला जागा कुठून असणार? चित्रं भिंतीवर होती. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, आणि देवादिकांच्या तसबिरी घरोघर पोचल्या. काही घरांतल्या बायका या छापील चित्रांवर जरीचे तुकडे, टिकल्या, मणी चिकटवत. लक्ष्मीला खरंखुरं जरीचं पातळ नेसवत. कापायचं, चिकटवायचं, सजवायचं हे तंत्र आपल्याकडे असं देवाच्या तसबिरीवरून आलं असावं, असं माझं मत. (अभ्यासकांनी रागावू नये.)

आणि इथे आमचं टिटवाळं मध्येच येतं. त्या छापखान्यातून निघालेलं पहिलं चित्र होतं शकुंतलेच्या जन्माचं. त्याच्या कितीतरी आधी, १८७६ साली, रविवर्म्याने शकुंतला पत्र लिहिताना रंगवली होती. कालिदासाच्या नाटकात ती कमळाच्या पानावर नखाने पत्र लिहिते. आमच्या गावची श्रद्धा अशी की कण्व ऋषींचा आश्रम इथेच काळू नदीकाठी होता, आणि दुरावलेला दुष्यंत परत मिळावा म्हणून शकुंतलेने इथल्या महागणपतीची आराधना केली. लग्न जमावं, तुटलेलं जुळावं म्हणून लोक अजून येतात. अंगारकीला गाडीतून उतरता येत नाही इतके येतात. आत्या म्हणायची, "पानावर नखाने कोरलेलं, म्हणजे हाताने केलेलं पहिलं कार्ड टिटवाळ्याचंच की!" पत्र मुळात पाठवलंच गेलं नव्हतं, पण आत्याशी वाद कोण घालणार.

आत्या टिटवाळ्याच्या शाळेत मुलांना चित्रकला आणि कार्यानुभव शिकवायची. ज्यांनी मराठी शाळेत हा तास अनुभवलाय त्यांना ठसेकाम आणि तुषारकाम हे शब्द आठवत असतील. भेंडी आडवी कापायची. कोवळी नाही चालत, पाणी सुटतं. बाजारात कुणी घेत नाही ती जून भेंडी आत्या मुद्दाम मागून आणायची. कापलेली बाजू आधी रद्दी पेपरवर दोनदा टेकवायची म्हणजे चिकट जातो. मग घट्ट पोस्टर कलरमध्ये हलकी बुडवून कागदावर. पाच पाकळ्यांचं फूल उठतं, मध्ये बियांचे ठिपके. बटाट्याला जास्त कौशल्य लागतं. तो कापून थोडा सुकू द्यायचा आणि ब्लेडने आकार कोरायचा, अक्षर असेल तर उलटं. माझ्या हातून पहिल्यांदा कोरलेला "शु" छापल्यावर तोंड फिरवून बसला होता. तुषारकामाला जुना टूथब्रश आणि फणी. कागदावर पान ठेवायचं, ब्रश फणीवर घासायचा, रंगाचे शिंतोडे उडतात, पान उचललं की खाली पांढरं पान. भिंतीवर आणि शर्टावरही उडतात, त्याला आत्या "बोनस" म्हणायची.

रंग अर्थातच कॅमलचे. गिरगावात दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून सुरू केलेली ती कंपनी. २०११ साली जपानच्या कोकुयोने तिच्यात मोठा हिस्सा घेतला, पण आमच्यासाठी तो उंटच.

डाय कटिंग मात्र आत्याला घरी करता येत नव्हतं. त्यासाठी तिने कल्याणचा एक छापखाना गाठला होता. तिथे लग्नपत्रिका छापत. जुनं ट्रेडल मशीन. डाय म्हणजे लाकडी फळीत करवतीने आकाराची खाच पाडायची आणि तिच्यात वाकवलेली धारदार पोलादी पट्टी ठोकून बसवायची. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे, म्हणजे कापलेला कागद अडकून न बसता उसळून सुटतो. मशीन मिटलं की कचकन आवाज होई आणि पत्रिकेला कमान पडे. त्या कमानींचे उरलेले तुकडे, रंग हललेल्या पत्रिका, सोनेरी गणपती वाकडा उठलेले कागद, हे सगळं आत्या पिशवी भरून आणायची. छापखानेवाले पैसे घेत नसत. पुढे कात्रीने त्यातला गणपती सोडवायचा, कमानीच्या तुकड्याचा कंदील करायचा. आमच्या घरच्या कार्डांमध्ये कोणाकोणाच्या लग्नाचे तुकडे आहेत देव जाणे. एका कंदिलाच्या मागे "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" अर्धंच वाचता येतं.

आता पाच शब्दांविषयी. जागतिक टपाल संघाच्या नियमात नाताळ-नववर्षाची छापील कार्डं स्वस्त दराने पाठवता येत, आणि त्यांवर हाताने शुभेच्छा, अभिनंदन, आभार, सांत्वन असलं शिष्टाचाराचं काही लिहायचं तर जास्तीत जास्त पाच शब्द. भारत या संघात १८७६ पासून आहे. आमच्या घरात हा नियम आत्यामुळे सगळ्यांना पाठ. पाकिटाच्या कोपऱ्यात "बुक पोस्ट" लिहायचं, झडप चिकटवायची नाही, नुसती आत खोचायची, म्हणजे टपालवाल्यांना उघडून बघता येईल. आता हाताने केलेलं कार्ड "छापील" कसं? तर आत्याचं म्हणणं, ठसा म्हणजे छपाईच. गुटेनबर्गने शिशाचा केला, मी भेंडीचा करते. टिटवाळ्याच्या पोस्टात कुणी हरकत घेतल्याचं ऐकलं नाही.

तिची कार्डं डोंबिवलीला आमच्याकडे यायची. डोंबिवली ते टिटवाळं, मध्ये ठाकुर्ली, कल्याण, शहाड, आंबिवली. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तेवढ्यासाठी पोस्ट कशाला? कारण बाबा १९८३ पासून टिटवाळ्याला जात नव्हते.

आजोबा गेल्यावर बाबांना गावचं घर विकून डोंबिवलीत ब्लॉक घ्यायचा होता. आत्याने सही केली नाही. आजी त्या घरात होती, आत्याने लग्न केलं नव्हतं, दोघी जाणार कुठे? आता मला दोघांचंही पटतं. डोंबिवलीत भाड्याच्या एका खोलीत आम्ही पाच जण होतो, हेही खरंच होतं. बोलणं झालं, ते वाढलं, आणि मग बंद झालं. आई आम्हाला घेऊन आजीकडे जायची. बाबा आम्हाला डोंबिवली स्टेशनवर गाडीत बसवून द्यायचे आणि मागे फिरायचे.

त्या दिवाळीला पहिलं कार्ड आलं. "दिवाळीच्या शुभेच्छा. दादा, वहिनी, मुलं." मोजा, पाच. बाबांनी बघितलं आणि काही न बोलता कपाटात ठेवलं. उत्तर पाठवलं नाही. पुढच्या दिवाळीला परत. संक्रांतीला आत्या इतरांना छोट्या कार्डावर कागदाच्या पुडीत चार दाणे हलवा चिकटवून पाठवायची, पण बाबांना दिवाळीचंच. अकरा वर्षं, अकरा कार्डं. मी ती आता एकापुढे एक मांडली तर तिचा हात कसा बदलत गेला ते दिसतं. १९८५ च्या कार्डात नुसती भेंडी आहे, हिरवी. १९८८ पासून छापखान्यातल्या कमानी येतात. १९९१ मध्ये शमीच्या पानाचं तुषारकाम, माझ्या मते तिचं सगळ्यात सुंदर काम. शब्द मात्र कधी पाचाच्या वर गेले नाहीत, आणि कधी घराचा विषय निघाला नाही. भांडलेल्या माणसांना पत्र लिहिता येत नाही, लिहायला बसलं की जुनं सगळं वर येतं. पाच शब्दांत भांडण मावत नाही.

तोवर बाहेरचा बाजार पार बदलला होता. १९७९ साली दिल्लीत आर्चीज सुरू झालं, त्याच वर्षी मुंबईत रिपन कपूर आणि मित्रांनी पन्नास रुपयांवर क्राय ही संस्था उभी केली, आणि तिची कार्डं घेणं हे चांगल्या घराचं लक्षण झालं. युनिसेफचं पहिलं कार्ड १९४९ चं, चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीचं चित्र; युद्धानंतर कागद नव्हता म्हणून तिने काचेवर काढलेलं. माझ्या ऑफिसात लोक ती कार्डं डझनांनी घेत आणि नुसती सही करून पाठवत. पुढे एसेमेस आले. देवनागरीत लिहिलं तर एका एसेमेसमध्ये सत्तर अक्षरं, आणि दिवाळीच्या दिवशी स्वस्तातला पॅक चालायचा नाही. आता तर फॉरवर्ड. असो, तो विषय सगळेच लिहितात.

१९९४ ची दिवाळी. कार्ड आलं ते बंद पाकिटात. झडप डिंकाने चिकटवलेली, पत्राचं पूर्ण तिकीट. म्हणजे नियम संपला, हवं तेवढं लिहायची मुभा. आईला वाटलं, आता आत चार पानं असणार. बाबांनी पाकीट कडेने फाडलं. आत कार्डच होतं.

भेंडीचे ठसे, पण वेडेवाकडे. एकावर एक चढलेले, दोन कडेवरून अर्धे बाहेर गेलेले, एका जागी नुसता अंगठा. आत्याची शिस्त बघता हे तिचं काम नव्हतं. आत तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "आईला आता दिसत नाही. ये."

बातमी नवीन नव्हती. आजीचं काचबिंदूचं दुखणं आईने बाबांना दोनदा सांगितलेलं मी ऐकलं होतं. बाबा कार्ड घेऊन खिडकीशी उभे राहिले. मग त्यांनी आईला विचारलं, "हे तिने केलंय?" आई म्हणाली, "असणार. तुमच्या आईचाच अंगठा."

भाऊबीजेला ते सकाळीच निघाले. आम्ही बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणाले. रात्री परत आले तेव्हा जेवले नाहीत, तिकडेच झालं होतं. काय बोलणं झालं ते कधीच सांगितलं नाही, आणि आत्यानेही नाही. हात धुवायला मोरीत गेले आणि बराच वेळ साबण घासत होते, कारण दोन्ही हातांची बोटं हिरवी झाली होती.

पुढच्या वर्षी आमच्याकडून पहिलं कार्ड टिटवाळ्याला गेलं. बाबांना ठसा नीट जमत नसे, रंग फार घ्यायचे. पाकीट उघडं होतं, कोपऱ्यात "बुक पोस्ट" लिहिलेलं.

घर कुणी विकलं नाही. आजी गेली, मग बाबा, मग आत्या. आता तिथे तीन मजली इमारत आहे आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर बसून मी हे लिहितोय. पुतणीने फुलपाखरं बाजूला सारली आहेत आणि आतून फ्रिज उघडल्याचा आवाज येतोय. घरात भेंडी आहे, पण कोवळी.

आत्याची कार्डं अजून कुणाकडे असतील, विशेषतः संक्रांतीची, तर फोटो काढून पाठवा. माझ्याकडे त्यांतलं एकही नाही.